फुकट म्हणजे मुक्त नव्हे

मेटा आपल्या ‘लामा’ प्रारूपांना ‘मुक्त स्रोत’ म्हणवते. परंतु मुक्तता नावावरून नव्हे, परवान्याच्या कलमांवरून ठरते: कोणत्याही हेतूने वापर, अभ्यास, बदल आणि पुनर्वितरण. लामाचा परवाना वापराच्या हेतूंवर बंधने घालतो. प्रकाशनसमयी ७० कोटींहून अधिक मासिक वापरकर्ते असणाऱ्यांना वेगळी परवानगी मागायला लावतो. म्हणूनच फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने जानेवारी २०२५मध्ये ‘लामा ३.१’चा परवाना मुक्त नसल्याचा निर्वाळा दिला.

हिंदीसाठीचे ‘ओपनहाथी’ लामा २वरच उभे राहिले. परक्याच्या अटींवर रचलेल्या इमारतीला स्वावलंबन कसे म्हणावे? केंद्र सरकारच्या २०१५च्या मुक्त स्रोत धोरणात अभ्यास, बदल व पुनर्वितरण यांचा हक्क व्याख्येतच आहे. सार्वजनिक पैशाने प्रारूपे घडवताना दिल्लीने निदान स्वतःची व्याख्या तरी पाळावी.