नमुना इथला हवा

१९५८ साली लंडनच्या ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात मध्य भारतातल्या सिकलसेल या रक्तदोषाविषयी एक छोटेसे टिपण छापून आले. लेखक होते आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी, आणि अभ्यास नागपूरचा. भारतात हा दोष आहे हे १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींची तपासणी करताना लक्षात आले होते. पुढच्या सहा वर्षांत या दोघांनी तो आपल्या दारातही असल्याचे दाखवून दिले. आज इंदोरा-जरीपटक्यापासून कामठीपर्यंत कुठल्याही वस्तीत गेले तरी ‘सिकलसेल’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

जरीपटक्यातून निघणाऱ्या या दिवाळी अंकाने यंदा विद्यापीठातले संशोधन हा विषय घेतला आहे. अंकाचे तीन विभाग आहेत: शिक्षणशास्त्र, औषधी रसायनशास्त्र आणि कॉम्प्युटर व्हिजन, म्हणजे छायाचित्रात काय आहे ते यंत्राला ओळखायला लावण्याची विद्या. या तिघांना एकत्र बसवलेले पाहून काहींना नवल वाटेल. बी.एड. कॉलेजातला संशोधक, फार्मसीच्या प्रयोगशाळेतला संशोधक आणि संगणकासमोर बसलेला संशोधक एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. पण तिघांनाही पहिल्याच दिवशी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: नमुना कुठला घ्यायचा? कुणाचे रक्त, कुठला रस्ता, कोणत्या शाळेतले मूल? या उत्तरावरच पुढच्या चार-पाच वर्षांच्या कामाचे मोल ठरते, असे या अंकाचे ठाम मत आहे.

सिकलसेलचेच पाहू. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसते. बदल एवढाच. पण ऑक्सिजन कमी पडला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार करते, आणि तांबडी पेशी गोलाकार सोडून विळ्यासारखी वाकडी होते. प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ हे डोळ्यांनी पाहू शकतो. काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटचे दोन टक्क्यांचे द्रावण मिसळायचे, वर पातळ काच ठेवून कडा व्हॅसलिनने बंद करायच्या आणि अर्धा तास थांबायचे. आतला ऑक्सिजन संपत जातो आणि गोल पेशी एकेक करून टोकदार होऊ लागतात. शरीरात हेच घडते तेव्हा बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडे, पोट, छाती असह्य दुखू लागतात.

भारतातल्या बहुतेक रुग्णांमध्ये हा दोष ज्या जनुकीय घडणीसह येतो, तिला अरब-भारतीय घडण म्हणतात. या घडणीत बाळाच्या जन्माच्या वेळचे हिमोग्लोबिन पुढेही बऱ्यापैकी टिकून राहते, आणि ते दोरे तयार होऊ देत नाही. म्हणून भारतातला सिकलसेल सौम्य असतो, असा समज बराच काळ होता. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे ‘मेडिकल’च्या, बालरोग विभागाने आपल्याच वॉर्डांतली मुले नीट मोजली, तेव्हा विदर्भातल्या अनेक मुलांचा आजार मुळीच सौम्य नसल्याचे दिसले. त्याच विभागातल्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली ६० मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना हायड्रॉक्सियुरिया आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी. मात्रा ठरावीक: वजनाच्या दर किलोला रोज १० मिलिग्रॅम. पाश्चात्त्य रुग्णालयांत साधारणपणे १५ ते २० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून ती वाढवत नेतात आणि त्यासाठी वारंवार रक्त तपासतात. गडचिरोलीहून किंवा भंडाऱ्याहून येणाऱ्या आईबापांना दर पंधरवड्याला ते कसे जमावे? नागपूरच्या अभ्यासात कमी आणि न बदलणाऱ्या मात्रेनेही दुखण्याचे झटके आणि रक्त चढवण्याची वेळ, दोन्ही खूप कमी झाल्याचे दिसले. औषध जुनेच होते. हायड्रॉक्सियुरिया प्रथम १८६९ साली जर्मनीत तयार झाले आणि प्रौढ सिकलसेल रुग्णांसाठी अमेरिकेने त्याला १९९८ साली मान्यता दिली. नवा होता तो नागपूरचा प्रश्न: आमच्या मुलांना, आमच्या परिस्थितीत, किती पुरेल?

फार्मसीच्या विद्यार्थ्यांसाठी इथे कितीतरी काम पडले आहे. १६ किलोच्या मुलाला या हिशेबाने दिवसाला १६० मिलिग्रॅम लागतात, आणि दुकानात सर्रास मिळते ती ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल. घरी ती फोडून पाण्यात कालवायची तर मात्रा अचूक राहत नाही, आणि हे औषध उघड्या हाताने हाताळण्यासारखेही नाही. अलीकडे देशात त्याचे द्रवरूप बनू लागले आहे, ही आनंदाची गोष्ट. तरी नागपूरच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात, फ्रिज नसलेल्या घरात अशी बाटली किती दिवस टिकते, मूल ती चव सोसते का, झाकणाच्या मापाने आई ठरलेली मात्रा खरोखर तेवढीच देते का, हे तपासण्यासाठी नागपूरइतकी सोयीची जागा दुसरी नाही. जगात कुठेही न बनलेला एखादा नवा रेणू बनवून त्याची जंतूंवर चाचणी घेणे आणि प्रबंध बांधून मोकळे होणे, हा आपल्याकडे रुळलेला मार्ग आहे. त्यातून हात तयार होतो, हे खरेच. पण त्यातल्या काही हातांनी या बाटलीकडे वळावे.

आता संगणकाकडे. विळ्याच्या आकाराच्या पेशी यंत्राला ओळखायला शिकवणे हा विद्यार्थ्यांच्या आवडीचा विषय आहे. त्यासाठी जगभर ज्या खुल्या छायाचित्रसंचांचा आधार घेतात, त्यांतला एक मोठ्या वापरातला संच क्युबातल्या सांतियागो शहरातल्या रुग्णांच्या रक्ताचा आहे. तिथल्या संशोधकांनी तो सर्वांना खुला केला, हे त्यांचे मोठे औदार्य. पण १९५८ पासून ज्या शहरात या पेशी पाहिल्या जात आहेत, त्या शहराने स्वतःच्या काचपट्ट्यांचा तसाच संच रुग्णांची संमती घेऊन, नावे काढून टाकून जगापुढे ठेवायला हवा. सूक्ष्मदर्शक वेगळा, रंगद्रव्य वेगळे, काचेवरची धूळसुद्धा वेगळी. एका जागी शिकलेले यंत्र दुसऱ्या जागी चुकते, आणि इथे चूक म्हणजे एखाद्या मुलाचे निदान हुकणे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला जाहीर झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत सात कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले. हा संच उभा करायला याहून चांगली वेळ कोणती?

रस्त्यांच्या बाबतीत आपल्या देशाने हा धडा गिरवला आहे. चालकाला मदत करणारे कॅमेरे घडवायला ‘सिटीस्केप्स’ नावाचा जर्मनीतल्या आणि शेजारच्या शहरांतल्या रस्त्यांचा छायाचित्रसंच जगभर वापरला जातो. रांगेत चालणाऱ्या मोटारी, आखलेल्या पट्ट्या, ठरल्या जागी ओलांडणारी माणसे. हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या संशोधकांनी भारतीय रस्त्यांची सुमारे १०,००० छायाचित्रे घेऊन ३४ प्रकारांत एकेका आकाराला नाव दिले. त्यात ऑटोरिक्षा आली आणि रस्त्यात बसलेली गायही आली.

पुढे याच संस्थेसह काही भागीदारांनी सप्टेंबर २०२१ मध्ये ‘आय-रास्ते’ हा प्रकल्प नागपुरात सुरू केला. महापालिकेच्या शहर बसवर कॅमेरे बसले. समोरचे वाहन फार जवळ आले की चालकाला सूचना मिळते आणि ती जागा नोंदली जाते. सरकारी व्याख्येनुसार ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच जीवघेणे किंवा गंभीर इजेचे अपघात झाले, किंवा दहा माणसे दगावली, की तो ‘ब्लॅक स्पॉट’. म्हणजे जागा धोक्याची ठरायला आधी माणसे मरावी किंवा गंभीर जखमी व्हावी लागतात. बसच्या कॅमेऱ्यांनी थोडक्यात हुकलेल्या टकरी मोजून ‘ग्रे स्पॉट’ आधीच शोधायचे, ही या प्रकल्पाची कल्पना. कामठी रोडने रोज ये-जा करणाऱ्याला तिचे मोल सांगायला नको.

शहराबाहेर हीच विद्या कापसाच्या शेतात पोचली आहे. गुलाबी बोंडअळीच्या पतंगासाठी कामगंध सापळा लावतात. त्यातल्या गोळीत मादीच्या गंधाचे कृत्रिम रसायन असते, ते १९७३ साली ओळखले गेले. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर फवारणीची वेळ आली, असा नियम आहे. मुंबईच्या वाधवानी संस्थेने बनवलेल्या ॲपमध्ये शेतकरी सापळ्यातले पतंग पांढऱ्या कागदावर ओततो, फोटो काढतो आणि मोजणी फोन करतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. त्यानंतर अनावश्यक एक फवारणी वाचवणे म्हणजे काय, हे विदर्भाला वेगळे सांगावे लागत नाही. आणि ही मोजणी शेतकऱ्याच्या अंगवळणी पडते ती शेतीशाळेत. रसायन, कॅमेरा आणि शिक्षण तिघेही एका सापळ्यात भेटतात ते असे.

शिक्षणशास्त्राला या प्रदेशाचा वारसा फार मोठा आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला भरलेल्या परिषदेतून गांधीजींची नयी तालीम ही शिक्षणपद्धती पुढे आली आणि झाकीर हुसेन समिती नेमली गेली. शिक्षणातले संशोधन कसे असावे याचा मराठीतला एक उत्तम नमुना मात्र १९७४ साली मुंबईत सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात खेड्यातल्या शाळांमध्ये जाऊन बसले. विज्ञानापेक्षा पुस्तकाची अवघड भाषाच मुलांना अडवते, असे त्यांच्या ध्यानात आले. भाषा सोपी केल्यावर मुलांची समज वाढते हे त्यांनी मोजून दाखवले. पुढे मुंबईच्या पालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काम करून, संधी मिळाली तर ही मुले कुठवर जातात तेही दाखवले.

आपल्या एम.एड. आणि पीएच.डी.च्या कपाटांत ‘शैक्षणिक संपादणुकीचा तुलनात्मक अभ्यास’ अशा नावांचे प्रबंध रांगेने उभे आहेत. त्यांच्या शेजारी काही वेगळे प्रबंध हवे आहेत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी वसवलेल्या जरीपटक्यातले मूल घरी सिंधी, रस्त्यावर हिंदी, शाळेत इंग्रजी आणि सरकारी कागदावर मराठी अशा चार भाषांत वाढते. ते वाचायला नेमके कसे शिकते? सिकलसेलचे मूल वर्षातले किती दिवस शाळा बुडवते? थंडी, दमणूक आणि पाणी कमी पिणे यांनी दुखणे उफाळते, हे त्याच्या पी.टी.च्या गुरुजींना ठाऊक असते का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आला. नागपूरच्या संपत रामटेके यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी या रुग्णांसाठी आयुष्य वेचले, आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कायद्यातला तो हक्क वर्गातल्या बाकापर्यंत पोचला का, हे पाहायला शिक्षणशास्त्राचा संशोधकच हवा.

हे सगळे छापायचे कुठे, हा प्रश्न तरुण संशोधकाला रात्री झोपू देत नाही. पुणे विद्यापीठाचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १००९ नियतकालिके तपासली. निकषांना उतरली ती फक्त ११२. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने चार हजारांहून अधिक नियतकालिके यादीतून काढली. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्यांचा धंदा त्याने संपला नाही. २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.साठी आधी लेख छापण्याची सक्ती काढून टाकली, हे चांगले झाले. मोकळा झालेला वेळ नमुना नीट गोळा करण्यात जावा.

नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झाले, म्हणजे शंभरी ओलांडून गेले. कामठीचे मँगनीज खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० साली मृत्युपत्राने आपली संपत्ती तंत्रशिक्षणासाठी या विद्यापीठाला दिली आणि तिच्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एल.आय.टी.) उभी राहिली. इथल्या मातीतून काढलेला पैसा इथल्या प्रयोगशाळेला मिळाला. त्या प्रयोगशाळांत काय चालले आहे, हे कामठीच्या, जरीपटक्याच्या वाचकाला त्याच्या भाषेत कळायलाच हवे. प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर चढतात, पण तिथवर सामान्य माणूस जात नाही. म्हणून या अंकात काही संशोधकांनी आपल्या प्रबंधाचे सार दोन पानांत, साध्या मराठीत लिहून दिले आहे: प्रश्न काय होता, नमुना कुठला, काय सापडले आणि काय सापडले नाही.

पुढच्या वर्षी हा विभाग वाढवायचा आहे. तिन्ही शाखांतल्या संशोधकांनी आपली दोन पाने जूनअखेरपर्यंत पाठवावीत. ज्यांचा प्रयोग फसला त्यांनीही पाठवावीत, कारण तोच प्रयोग दुसरा कुणी पुन्हा करत बसणार नाही. मराठी नीट करून घेण्याचे काम संपादक मंडळ करील. विषयाच्या अचूकतेची खात्री मात्र मार्गदर्शकांनी सही करून द्यावी.