शिक्का वाजत नाही, तार वाजते

महाग तीच गिटार चांगली, म्हणणाऱ्या दोस्तांशी आमचं भांडण आहे.

१९५४ साली फेंडरची स्ट्रॅटोकास्टर २४९ डॉलर ५० सेंटला मिळायची. डेव्हिड गिलमूरची काळी स्ट्रॅट २०१९ च्या लिलावात ३९,७५,००० डॉलरला गेली. पैसा त्यानं हवामानाच्या लढ्याला दिला, चांगलंच केलं. पण घेणाऱ्यानं लाकडाचे पैसे मोजले का? नावाचे मोजले.

विजेच्या गिटारीचं काम सरळ आहे. पोलादी तार चुंबकापुढं थरथरते, तांब्याच्या वेटोळ्यात वीज उठते, ॲम्प्लिफायर ती मोठी करतो. वेटोळ्याला किंमतीची चिठ्ठी वाचता येत नाही.

१९६३ साली लंडनकडचा ब्रायन मे शाळकरी पोर होता. बाप इंजिनियर, तरी फेंडरला पैसा पुरेना. मग बापलेक घरीच बसले. मानेला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, स्प्रिंगा मोटरसायकलच्या, ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या बटणांचे. दोन वर्षं खपले. तीच गिटार २००२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या छपरावर वाजली.

म्हणून स्वस्तातला कचराही आम्ही डोक्यावर घेणार नाही. फ्रेट घासून समतल करणं, मान सरळ बसवणं, सूर धरणाऱ्या खुंट्या लावणं, यात कुणाचे तरी हात झिजतात. त्या हातांचे दाम पुरते मोजा. त्यावरचा पैसा शिक्क्याला जातो.

आम्ही गोदीत पेट्या उचलतो. शिक्का कुठलाही असो, खांद्याला वजनच कळतं. तुमच्या कानालाही तेवढंच कळू द्या. डोळे मिटून वाजवून बघा, मग खिशात हात घाला. नावासाठी कर्ज काढू नका!