पिवळं पाकीट की पिवळा बॉम्ब?

ऑक्टोबर २००१. अमेरिकेची विमानं अफगाणिस्तानवर घिरट्या घालू लागली होती. वरून दोन वस्तू पडत होत्या. उपाशी जनतेसाठी पिवळ्या प्लास्टिकमधली जेवणाची पाकिटं आणि शत्रूसाठी क्लस्टर बॉम्ब. या बॉम्बच्या पोटातून निघणारा एकेक छोटा बॉम्ब कोल्ड्रिंकच्या कॅनएवढा आणि रंगानं तोही पिवळाच! अखेर अमेरिकेला रेडिओवरून तिथल्या भाषांत बजावावं लागलं, की बाबांनो, दोन्हींत गल्लत करू नका. पुढे जेवणाच्या पाकिटांचा रंग बदलून निळा करायचं ठरलं.

ही गल्लत कोण करणार होतं? शिकलासवरलेला सैनिक नक्कीच नाही. करणार होतं ते भुकेलं पोर.

क्लस्टर बॉम्ब नावाच्या शस्त्रावर बंदी असावी की नसावी, हा वाद गेली अनेक वर्षं चालू आहे. तो समजून घ्यायला शस्त्रविद्येचं ज्ञान लागत नाही. विमानातून टाकलेलं किंवा तोफेतून डागलेलं एक मोठं कवच हवेतच उघडतं आणि आतली डझनावारी, कधी शेकडो पिल्लं मोठ्या परिसरात विखुरतात. शत्रूचे रणगाडे किंवा सैन्य पसरलेलं असेल तर एका फटक्यात काम होतं. अडचण एवढीच, की सगळी पिल्लं फुटत नाहीत. काही चिखलात रुततात, काही झाडाच्या फांदीला अडकतात आणि युद्ध संपलं तरी वाट पाहत राहतात.

किती काळ? उत्तर लाओस देतो. व्हिएतनाम युद्धाच्या धामधुमीत १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेनं या छोट्याशा देशावर २० लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यातून सुमारे २७ कोटी पिल्लं जमिनीवर आली आणि अंदाजे ८ कोटी फुटलीच नाहीत. लाओसची माणसं त्यांना ‘बॉम्बी’ म्हणतात. टेनिसच्या चेंडूएवढी ही वस्तू मुलांना खेळणं वाटते. शेतकऱ्याची कुदळ नेमकी तिच्यावर पडते. कुणी अंगणात चूल पेटवावी आणि खाली गाडलेली बॉम्बी तापून फुटावी, असंही घडतं. युद्ध संपल्यानंतर वीस हजारांहून अधिक माणसं अशा न फुटलेल्या दारूगोळ्यानं मेली किंवा जखमी झाली. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा लाओसला गेले आणि सफाईच्या कामासाठी तीन वर्षांत ९ कोटी डॉलर देण्याची घोषणा त्यांनी केली. टाकायला नऊ वर्षं लागली, वेचायला पन्नास वर्षंही पुरली नाहीत!

लेबननचा अनुभव याहून विचित्र आहे. २००६ मध्ये इस्रायल आणि हिजबुल्ला यांच्यात ३४ दिवस युद्ध चाललं. संयुक्त राष्ट्रांच्या म्हणण्यानुसार तिथले नव्वद टक्के क्लस्टर हल्ले शेवटच्या ७२ तासांत झाले. म्हणजे शस्त्रसंधी दाराशी येऊन उभी असताना! घरी परतणाऱ्या कुटुंबांच्या स्वागताला बागांत आणि शेतांत ही पिल्लं पडलेली होती.

त्यानंतर मात्र जग हललं. नॉर्वेनं पुढाकार घेतला. मे २००८ मध्ये डब्लिनला बंदीचा मसुदा मंजूर झाला, डिसेंबरमध्ये ऑस्लोला सह्या झाल्या. सही करणार नाही, असं म्हणणाऱ्या अफगाणिस्ताननं तिथे ऐनवेळी मन बदललं. या बॉम्बनं दोन्ही पाय हिरावलेला एक अफगाण तरुण ऑस्लोमध्ये आपल्याच सरकारची मनधरणी करायला आला होता. १ ऑगस्ट २०१० पासून करार लागू झाला. आज शंभराहून अधिक देश त्यात आहेत. साठे जाहीर केलेल्या सदस्य देशांनी २०२३ अखेर सुमारे पंधरा लाख क्लस्टर बॉम्ब नष्ट केले. त्यांत जवळपास १८ कोटी पिल्लं होती. कागदावरच्या करारानं काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी हा आकडा!

मग वाद उरला कुठे? अमेरिका, रशिया, चीन, इस्रायल, पाकिस्तान यांनी सही केलेली नाही. भारतानंही नाही. हा विषय जिनिव्हातल्या पारंपरिक शस्त्रांविषयीच्या जुन्या कराराच्या चौकटीत सोडवावा, अशी आपली भूमिका राहिली. शेजारी दोघेही बाहेर असताना आपणच हात बांधून का घ्यायचे, हा सवाल खोटा नाही.

युक्रेनचा सवाल तर याहून जळजळीत आहे. फेब्रुवारी २०२२ पासून रशियानं त्यांच्यावर क्लस्टर बॉम्ब टाकले, त्यांनीही वापरले. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेनं त्यांना असे तोफगोळे दिले. युक्रेनचं म्हणणं : भूमी आमची, मरणारी माणसंही आमची. कुठे डागले याची नोंद ठेवू आणि नंतर सफाई करू. अमेरिकेनं सांगितलं, की आमच्या गोळ्यांत न फुटणाऱ्या पिल्लांचं प्रमाण २.३५ टक्क्यांहून जास्त नाही.

हा दावा खरा मानून हिशेब करू. एका गोळ्यात ७२ पिल्लं. हजार गोळे डागले, तर ७२ हजार. त्यांचे २.३५ टक्के म्हणजे सोळाशेहून अधिक जिवंत बॉम्ब! लढाईत हजार गोळे कितीसे टिकतात?

ज्याच्या घरात शत्रू घुसलाय, त्याला दुरून उपदेश करणं सोपं असतं, हे कबूल. पण संकट आलं की बंदी सैल करायची, तर ती बंदी कसली? रशियाच्या भीतीनं लिथुआनिया ६ मार्च २०२५ ला करारातून बाहेर पडला. असं करणारा तो पहिला देश. शांततेच्या काळात शब्द पाळणं कुणालाही जमतं, कस लागतो तो भीतीच्या काळात.

आपल्याकडे तर या विषयावर धड चर्चाही होत नाही. सरकारनं लगेच सही करावी की करू नये, यावर मतभेद असू शकतात. पण संसदेत तरी कुणी विचारायला हवं, की आपण हे शस्त्र वापरलं, तर न फुटलेली पिल्लं कोण वेचणार आणि किती वर्षं? हुकूम देणारा अधिकारी यथावकाश निवृत्त होतो, सरकारं बदलतात. तिथल्या शेतात कुदळ मारणाऱ्याला मात्र, बॉम्ब कुणी आणि का टाकला होता, हे कदाचित ठाऊकही नसतं.