बंगल्याचा तलाव आणि आपली टाकी

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा लोणावळ्याला एका बंगल्यावर कामाला आहे. मालक मुंबईला राहतात आणि शनिवार-रविवारी बंगला पर्यटकांना भाड्याने देतात. भाच्याकडे बाग, दिवाबत्ती आणि पोहण्याचा तलाव अशी तीन कामे. त्याची सुट्टी सोमवारी. मागे एका सोमवारी तो आमच्याकडे आला. जयभीम झाला, चहा झाला, आणि आमच्या मुलीने त्याला तलावाविषयी विचारले. तिला वाटले होते, तलाव एकदा भरला की झाले. भाचा हसला आणि त्याने दिवसभराचे काम सांगायला घेतले.

सकाळी आधी जाळीने पाने, किडे काढायचे. मग दोन छोट्या नळ्यांत तलावाचे पाणी घ्यायचे. एकीत एका औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते, दुसरीत दुसऱ्याचे टाकले की लालसर. पिवळेपणावरून क्लोरीन किती ते कळते, लालीवरून शाळेच्या पुस्तकात ज्याला सामू म्हणतात तो कळतो. क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम आणि सामू ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. सामू वर गेला तर क्लोरीन असूनही नीट काम करीत नाही. ऊन क्लोरीन खाऊन टाकते, म्हणून औषध संध्याकाळी. गाळणीचा पंप रोज सहा-आठ तास चालवायचा, आणि दाबाचा काटा चढला की पाणी उलटे सोडून गाळणीतली वाळू धुवायची.

या कामावर असलेल्या आपल्या मुलांनी त्याची एक गोष्ट मात्र पाठच करावी. क्लोरीनचे औषध आणि आम्ल शेजारी ठेवायचे नाही, एका मगाने मोजायचे नाही. दोन्ही एकत्र आली तर विषारी वायू सुटतो. आणि औषध पाण्यात टाकायचे, पाणी औषधावर ओतायचे नाही.

मी बी. कॉम. झालेला कारकून. मला आकड्यांची सवय. मी लांबी-रुंदी विचारली. तलाव १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, खोली सरासरी १.४ मीटर. म्हणजे ७० घनमीटर. एका घनमीटरात हजार लिटर, म्हणून ७०,००० लिटर. दहा हजारी टँकर धरले तर सात. उन्हाळ्यात दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी तरी वाफ होऊन जाते. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण ५० चौरस मीटरवर ६ मिलिमीटर म्हणजे रोजचे ३०० लिटर. आमच्या घराला दिवसभर लागते जवळजवळ तेवढे पाणी त्या तलावातून नुसते उन्हाने उडून जाते. हा आकडा ऐकून आमच्या सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"आणि एवढ्या पाण्यात पोहतं कोण?" त्यांनी विचारले.

"मामी, निम्मे लोक कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून फोटो काढतात," भाचा म्हणाला. "६ मीटर बाय ३ मीटर, खोली १.२ मीटर एवढा असता तरी चाललं असतं." मी मनात गुणाकार केला : २१,६०० लिटर, म्हणजे तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी पाणी. औषधही तेवढेच कमी, विजेचे बिलही बरेच कमी. पुढे तो म्हणाला, "मामा, तलाव केवढा हवा ते उतरणाऱ्याला विचारून ठरवतात. राखणाऱ्याला कुणी विचारत नाही."

एवढे बोलून त्याने वर पाहिले. मोरीच्या स्लॅबवर आमची काळी टाकी आहे. "तुमची टाकी कधी धुतली?"

मी सौ.कडे पाहिले, त्यांनी माझ्याकडे. कोणालाच आठवेना.

वाचक बंधू-भगिनींनो, मंडळाचा कार्यकर्ता म्हणून मी वस्तीत स्वच्छतेवर भाषणे केलेली आहेत, म्हणून हे लिहिताना संकोच वाटतो. २०२२ च्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत तापाची साथ आली होती. आमच्या मुलीला डेंग्यू झाला, आठ दिवस दवाखान्यात काढले, रोज रक्त तपासायचे आणि पेशींचा आकडा ऐकेपर्यंत श्वास रोखायचा. तेव्हा आरोग्यसेविका बाईंनी बॅटरी मारून दारातल्या पिंपात वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या होत्या. आम्ही पिंप उपडे केले. टाकीकडे पाहावे हे कोणाला सुचले नाही. त्या सोमवारी भाचा शिडी लावून वर चढला, तर टाकीच्या झाकणाची कडी तुटलेली, झाकण वाऱ्याने सरकलेले, तळाला बोटभर गाळ, आणि पाण्यात त्याच अळ्या.

चूक टाकी घेतली त्या दिवशीच झाली होती. २०१९ साली बोनस मिळाला, शेजाऱ्यांनी ५०० लिटरची घेतली होती म्हणून मी १००० ची आणली. हौस, दुसरे काय! भाचा गेल्यावर मी वही घेऊन बसलो आणि जो हिशेब आधी करायला हवा होता तो केला.

कोणत्याही खात्यात आवक, जावक आणि शिल्लक असते. आधी जावक. सौ.नी एक दिवस मोरीच्या भिंतीवर प्रत्येक बादलीला खडूची एक रेघ मारली. पाच माणसांच्या १५ लिटरच्या २२ बादल्या भरल्या, म्हणजे ३३० लिटर. पिण्या-स्वयंपाकाचे ३० धरून ३६०. माणशी ७२ लिटर. (शहरासाठी सरकारी माप माणशी १३५ लिटरचे आहे, खेड्यासाठी २०१९ च्या जलजीवन मिशनने ५५ धरले.) मग आवक. नळाखाली तीच बादली दीड मिनिटात भरते. म्हणजे मिनिटाला १० लिटर. पाणी येते ४० मिनिटे. झाले ४०० लिटर. शिल्लक रोजची ४०, आणि ती रविवारच्या धुण्यात किंवा एका पाहुण्यात संपते. म्हणजे आमची हजार लिटरची टाकी इतक्या वर्षांत अर्धीसुद्धा कधी भरली नाही! 'एखाद्या दिवशी नळ आला नाही तर मोठी टाकी कामाला येईल' अशी आपली समजूत असते. पण जे पाणी आलेच नाही ते टाकीत असणार कुठून?

उलट मोठ्या टाकीने नुकसानच केले. बाहेर जाणारा नळ तळापासून थोडा वर असतो, म्हणून तळाचे पाणी आणि गाळ कधी निघतच नाही. आमच्या ऑफिसात याला डेड स्टॉक म्हणतात, आणि त्याचे निदान रजिस्टर तरी असते. नळाच्या पाण्यातले क्लोरीन साठवणीत हळूहळू उडून जाते, त्यामुळे ही शिल्लक फार दिवस विश्वासाची राहत नाही. शिवाय वजन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, भरलेली हजारी टाकी म्हणजे एक टन. ज्यांची टाकी पोटमाळ्यावर किंवा पत्र्याच्या घरात अँगलवर आहे त्यांनी ५०० लिटरचीसुद्धा मिस्त्रीला दाखवल्याशिवाय चढवू नये.

तेव्हा रोज नळ येतो त्या घराने आपला एक दिवसाचा खर्च मोजावा, त्यात थोडी भर घालावी आणि नळ तेवढे देतो का ते बादली लावून पाहावे. आमच्यासारख्या पाच माणसांना ५०० लिटर पुरे. दिवसाआड पण दोन-तीन तास पाणी येत असेल तर हजार लिटर योग्य, पण एका हजारीपेक्षा पाचशेच्या दोन बऱ्या; एक धुवायला काढली तरी दुसरी चालू राहते. पाच-सहा दिवसांनी पाणी मिळणाऱ्या गावांना हा हिशेब पुरणार नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तिथे मिळेल त्या भांड्यात पाणी भरणाऱ्याला आपण काय शिकवणार! तरीही पिण्याचे पाणी वेगळे, झाकलेले आणि हात न बुडवता काढता येईल असे ठेवणे तिथे जास्तच गरजेचे.

सिमेंटचा हौद असेल तर त्याची लांबी, रुंदी, उंची फुटात मोजून गुणाकार करा आणि त्याला २८ ने गुणा, लिटर निघतात. ४ बाय ३ बाय ३ फुटांचा हौद साधारण हजार लिटरचा. बाजारात स्वस्त मिळणारी जुनी निळी पिंपे बहुतेक कारखान्यातली रसायने संपल्यावर विकलेली असतात. कितीही घासली तरी पिण्या-स्वयंपाकाच्या पाण्याला ती नकोत.

टाकी घेताना घरात पुरुष मंडळी ठरवतात आणि भरायचे, उपसायचे, घासायचे काम बाईवर येते. म्हणून माझे सांगणे असे की, दुकानात गेल्यावर टाकी जो धुणार आहे त्याने तिच्या तोंडातून हात घालून पाहावा. लांब दांड्याचा ब्रश तळाच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नसेल तर ती टाकी तुमच्या घराला मोठी आहे.

आता धुण्याचे. पाणी वापरून तळाशी आणायचे, बाहेरचा नळ बंद करायचा, मग ब्रशने भिंती आणि तळ घासायचा. साबणाची पावडर नको. गाळ मगाने आणि फडक्याने काढायचा, साध्या पाण्याने एकदा विसळायचे. मग १० लिटरच्या बादलीत ४० ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर कालवून ती खाली बसू द्यायची आणि वरच्या निवळीने आतून सगळीकडे पुसून घ्यायचे. अर्धा तास थांबून पुन्हा धुवायचे आणि ते पाणी टाकून द्यायचे. हातात मोजे, नाकाला रुमाल, आणि काम उघड्यावर. फोडून महिनोन्महिने ठेवलेल्या पावडरीत जोर राहत नाही, म्हणून लहान पुडी आणावी. आम्ही हे आता तीन महिन्यांनी करतो. टाकी धुतलेली असली तरी पिण्याचे पाणी आम्ही टाकीचे घेत नाही. नळ आला की थेट हंड्यात.

डासांचे काम मात्र तीन महिन्यांवर सोडून चालत नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यावर वाढतो, दिवसा चावतो, आणि अंडी पाण्याच्या रेघेच्या जरा वर, भिंतीला चिकटवून घालतो. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात आणि पाणी वर चढले की फुटतात. आम्ही २०२२ साली पिंप नुसते उपडे केले होते, घासले नव्हते. तेव्हा पिंपाचेही काम अर्धेच झाले होते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून पिंपे, रांजण आठवड्यातून एकदा रिकामे करून आतून कडेकडेने घासायचे. टाकी दर आठवड्याला घासणे होणार नाही, तिथे घट्ट झाकण आणि ओसंडून वाहणाऱ्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी हाच उपाय. जाळीला दहा-वीस रुपयांच्या वर खर्च आला नाही.

जमिनीखालच्या हौदाविषयी दोन शब्द. झाकण लोखंडी आणि कुलपाचे असावे. रांगणाऱ्या, खेळणाऱ्या मुलाला गुडघाभर पाणीसुद्धा पुरते. पोहण्याच्या तलावालाही म्हणूनच कुंपण आणि दार लागते. आणि खोल हौदात एकट्याने उतरू नये. बरेच दिवस बंद असलेल्या किंवा आत नुकताच रंग मारलेल्या हौदात हवा कोंडून माणूस बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेलाही पडतो. गटारात उतरवलेली आपली माणसे अशीच गेली आहेत, हे वेगळे सांगायला नको. झाकण बराच वेळ उघडे ठेवा, वर दोघे उभे राहा, आणि शक्य तोवर लांब ब्रश आणि पंपाने वरूनच काम करा.

आमच्या हजारी टाकीचे काय झाले? विहाराच्या नळाला तीन तास पाणी असते आणि कार्यक्रमाच्या दिवशी ते कमी पडते, म्हणून ती विहाराला द्यायचे मी बैठकीत सुचवले. महिला मंडळाच्या अध्यक्षा बाईंनी लगेच विचारले, "धुणार कोण?" सगळे गप्प झाले. शेवटी दोन तरुणांनी हात वर केला. त्यांची नावे आणि महिने इतिवृत्तात लिहून घेतले, आणि मगच टाकी आमच्या स्लॅबवरून उतरवली. आमच्याकडे आता ५०० लिटरची आहे. धुतल्याची तारीख मुलगी तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिते.