पावती फाडण्यापूर्वी

उल्म हे जर्मनीतले डॅन्यूबकाठचे शहर. नोकरीनिमित्त तिथे असताना २०१५ साली मी तिथल्या जुन्या चर्चच्या उत्सवाला गेलो. मनोरा पुरा होऊन सव्वाशे वर्षे झाली होती. हे गावी कळताच आमचे दादा कडाडले, "देवळाच्या जीर्णोद्धाराला यायला तुला रजा नसते, आणि चर्चच्या वाढदिवसाला बरी मिळते!"

दादांचा राग रास्त आहे. परंतु त्या जीर्णोद्धाराविरुद्धच मला दोन शब्द बोलायचे आहेत. दिवाळीत आधी कारीट फोडायचे आणि मग फराळाला बसायचे, ही आपली रीतच आहे. तेव्हा वाचक हा कडवटपणा गोड मानून घेतील.

आधी त्या चर्चची हकिकत ऐका. १३७७ साली पाया घातला तो राजाच्या खजिन्यातून नव्हे, नागरिकांच्या पैशातून. १५४३ साली काम थांबले. पुढची तीनशे वर्षे मनोरा अर्धवटच उभा होता. १८४४ साली पुन्हा हात लागला आणि १८९० साली १६१.५ मीटरचा मनोरा पुरा झाला. २०२५ पर्यंत चर्चचा याहून उंच मनोरा जगात नव्हता. तो मान आता बार्सिलोनाने घेतला. घेऊ द्या! मला कौतुक उंचीचे नाही. कौतुक आहे ते चर्चच्या पदरी असलेल्या पाथरवटांच्या कारखान्याचे. झिजलेला दगड काढायचा, त्याच घडणीचा नवा बसवायचा. पिढ्यान्‌पिढ्या हेच काम. युरोपातल्या अशा कारखान्यांची परंपरा युनेस्कोने २०२० साली नावाजली.

आता आमचा जीर्णोद्धार पाहा. काळ्या पाषाणाला तेलरंग फासला. दगडातली ओल बाहेर पडायची वाट बुजली. चार पावसाळ्यांत पापुद्रे सुटू लागले. ते झाकायला गुळगुळीत फरशा आल्या. खांबांवरचे यक्ष-किन्नर फरशांमागे गडप झाले. आणि फरशांवर काय झळकते? देणगीदारांची नावे! घडवणाऱ्याने शतकानुशतके आपले नाव सांगितले नाही. आम्ही आठ दिवसांत कोरून घेतले.

'आम्ही' म्हणतो, कारण त्यात माझेही नाव आहे. परदेशातून मी मुकाट्याने पैसे धाडले. दगडाचे काय करणार, हे विचारले नाही. आम्हां दूरदेशीच्या लेकरांचे पैसे येतात, म्हणून तर फरशा येतात!

कोणी म्हणेल, "त्यांच्याकडे पैसा आहे." अहो, फरशा काय फुकट मिळतात? कोणी म्हणेल, "देऊळ म्हणजे पदार्थसंग्रहालय नव्हे, तिथे देव नांदतो." कबूल! उल्मलाही दर रविवारी प्रार्थना होते. देव नांदतो म्हणूनच त्याचे घर विद्रूप करू नये.

तिकडचे सगळे सोन्याचे, असे मी म्हणत नाही. १९४४ च्या बॉम्बवर्षावात त्या चर्चभोवतालचे जुने शहर बेचिराख झाले, आणि ते युद्ध त्यांच्याच देशाने पेटवले होते. त्यांची भक्ती आपल्याहून मोठी, असेही नाही. त्यांनी पाथरवटाला घरी बसवले नाही, एवढेच.

म्हणून सांगतो, यंदा पावतीपुस्तक दारी आले की एकच विचारा, "पाथरवट कोण?" धड उत्तर मिळाले तर दुप्पट द्या. न मिळाले तर पाहुण्यांना पोटभर फराळ द्या, आणि पावती मात्र फाडू नका.