अंगाला बसणारी बंदूक

'नेम' हा मराठीतला मोठा मजेदार शब्द आहे. पहाटे उठून तुळशीला पाणी घालायचे हा आजीचा नेम. आणि शेजारच्या झाडावरच्या कैरीवर दगड मारताना नातू धरतो, तोही नेमच. बसचा काही नेम नसतो, हा आणखी तिसरा. शब्दकोशात हे सारे अर्थ एकाखाली एक निमूटपणे बसलेले असतात. त्यांचे एकमेकांशी नाते काय, हे मला यंदा पुस्तकात नव्हे, शेजारच्या घरात पाहायला मिळाले.

आमचे घर गोराईला. गोराई म्हटले की लोकांना खाडीपलीकडचे जुने गाव आठवते. मी म्हणतो ती खाडीच्या अलीकडची, बोरिवली पश्चिमेची म्हाडाची वसाहत. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ साली आखलेल्या योजनेतून, लहान लहान भूखंड पाडून ती वसली. घरे भिंतीला भिंत लावून उभी. शेजारी फोडणी कशाची पडली ते इकडे कळते. मग शेजारी बंदूक येणार, ही बातमी लपून राहावी कशी?

शेजाऱ्यांची मुलगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. एन.सी.सी.त तिने प्रथम रायफल हातात घेतली आणि मग वरळीच्या रेंजवर एअर रायफलचा सराव सुरू केला. आठवड्यातून तीन दिवस गोराई ते वरळी. वर्षभरात गुण वाढले, आणि एके ठिकाणी अडले ते अडलेच. त्यात मान आणि खांदा दुखू लागला. वडिलांनी निदान केले : दोष क्लबच्या बंदुकीचा. मुलीला स्वतःची, नवी, परदेशी बंदूक हवी. तिची किंमत लाखांच्या घरात. म्हणजे मुलीच्या नावाची मुदतठेव मोडायला हवी. आई म्हणाली, "ती तिच्या पुढच्या शिक्षणाची आहे." वडील म्हणाले, "हेही शिक्षणच आहे." झाले! आठ दिवस त्या घरात जेवताना फक्त भांडी बोलत होती.

वडिलांची बाजूही लंगडी नव्हती. या खेळात महाराष्ट्राने नाव मिळवले आहे. कीर्ती कॉलेजच्या एन.सी.सी.तून आलेल्या अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. सुमा शिरूर २००४ साली अथेन्सला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्यूनिकला जगज्जेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेतले, आणि २०२४ साली पॅरिसला राधानगरीकडच्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे कांस्यपदक घेऊन आले. "सर, ही सगळी आपल्यासारख्याच घरांतली माणसे," असे म्हणत गृहस्थांनी एक गुळगुळीत माहितीपत्रक माझ्यापुढे ठेवले. "इंग्रजी आहे. वाचून सांगा, यातली चांगली कुठली?"

मी म्हटले, "अहो, मी मराठी शिकवतो."

"मग मराठीत सांगा!"

तेव्हा मी ते भाषांतर करायला बसलो, आणि दुसऱ्या पानावरच थबकलो. गालाची पट्टी. खांद्याची वाटी. तळहाताचा आधार. बोटाचा चाप. डोळ्याची साईट. हे बंदुकीचे माहितीपत्रक की शरीरशास्त्राचे पुस्तक? प्रत्येक भागापुढे लिहिलेले : वर-खाली करता येतो, मागेपुढे सरकवता येतो, तिरका करता येतो. थोडक्यात, लाखाची वस्तू घेतली तरी ती हाती येते ती बिनमापाची. शिंप्याने टाके फक्त कच्चे घालून ठेवलेले. माप आपले आपण द्यायचे.

एका रविवारी आम्ही तिघे वरळीला गेलो. तिथल्या प्रशिक्षकांनी प्रश्न ऐकला आणि मुलीला सांगितले, "बंदूक खाली ठेव. नुसती उभी राहा."

एअर रायफलचे लक्ष्य १० मीटरवर असते. त्यातला काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा, आणि दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे छापील पूर्णविरामाएवढा. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. बंदुकीचे वजन साडेपाच किलोपर्यंत चालते. ती ७५ मिनिटांत ६० वेळा उचलायची. मुलींना पूर्वी ४० छर्रे असत. २०१८ पासून त्यांनाही मुलांइतकेच ६०. एवढे ओझे दंडाच्या जोरावर कोण पेलणार? म्हणून डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवतात आणि भार हाडाहाडांतून जमिनीत उतरवतात. प्रशिक्षक म्हणाले, "स्नायू थकतो, हाड थकत नाही."

मग उलगडा झाला. क्लबची ती बंदूक चार जण वापरत. ती लावलेली होती एका उंच मुलाच्या मापाने. दस्ता लांब, म्हणून हिचा खांदा मागे ओढला जाई. गालाची पट्टी खाली, म्हणून ही मान वाकवून डोळा साईटपाशी नेई. प्रशिक्षकांनी दस्ता आखूड केला, पट्टी चढवली, तळहाताचा आधार उंच केला. डोळा साईटकडे न्यायचा नाही, साईट डोळ्याकडे आणायची. पुढे सूचना अशी की, एका वेळी एकच बदल करायचा, तो वहीत लिहायचा, चार दिवस तसाच ठेवायचा आणि मग दुसरा. बंदुकीवर मापाच्या रेघा असतात. कुठला भाग कितव्या रेघेवर, हे टिपून ठेवले की दुसऱ्याने हलवलेली बंदूक पुन्हा आपली करता येते. स्वप्नील कुसाळे यांच्या प्रकारात तर गुडघा टेकून, पालथे पडून आणि उभे राहून, अशा तिन्ही आसनांत एकाच रायफलने खेळायचे. तिथे आसन बदलले की हे भागही हलवावे लागतात, आणि तेही घड्याळ चालू असताना.

मला सर्वांत नवल वाटले ते एका परीक्षेचे. बंदूक रोखायची, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. नळी लक्ष्याच्या बाजूला गेलेली दिसली, तर हाताने ढकलून आणायची नाही. पाय किंचित सरकवायचे. हाताने आणलेली नळी चाप ओढताक्षणी आपल्या जागी परत जाते. छर्रे एका जागी पडत असतील पण मध्यापासून दूर, तर चिंता नाही. साईटचा खटका फिरवला की काम झाले. विखुरलेले पडत असतील, तर मात्र साईटला हात लावायचा नाही. दोष उभे राहण्यात असतो.

पैशाने नेम विकत घेता येऊ नये, याची काळजी खेळाचे नियमच घेतात. सामन्यापूर्वी बंदुकीचे वजन होते, जाड जॅकेटचा ताठपणा यंत्राने मोजतात. परदेशात धावतपळत पिस्तूल चालवण्याचा 'प्रॅक्टिकल शूटिंग' नावाचा खेळ आहे; त्याची जागतिक संघटना १९७६ साली अमेरिकेत कोलंबिया गावी स्थापन झाली. तिथे तर शस्त्रांचे वर्गच पाडले आहेत. भिंग लावलेले, सजवलेले पिस्तूल एका वर्गात, दुकानातून आणलेले साधे दुसऱ्या. मोजायचे असते ते माणसाला.

महिनाभर क्लबच्याच बंदुकीवर वहीची पाने भरली. मानेचे दुखणे गेले, छर्रे जवळ जवळ पडू लागले. मग घरात पुन्हा बैठक बसली, आणि या वेळी आईनेच तोडगा काढला : बंदूक घ्यायची, पण वापरलेली. पुढच्या वर्गात गेलेल्या एका मुलीची मिळाली. तिची मापे हिच्या वहीतल्या आकड्यांच्या जवळपास. घेताना हवेच्या नळकांड्यावरची तारीख आधी पाहिली. दहा वर्षांहून जुने नळकांडे सामन्यात चालत नाही. दोन-तीन कंपन्यांचे छर्रे मारून, नळीला कुठले मानवतात तेही पाहिले. कागदपत्रे नीट करून घेतली. २०१६ च्या शस्त्रनियमांनुसार २० ज्यूलच्या आतल्या, ४.५ मिलिमीटरच्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही. बारुदी रायफलला लागतोच. ठेवीतले अर्ध्याहून अधिक पैसे शिक्षणासाठी शाबूत राहिले.

आता ती मुलगी मोठी पेटी घेऊन बोरिवलीची गाडी पकडते. डब्यातल्या बायका विचारतात, "गिटार का ग?" दसऱ्याला आजीने विळी, कातर आणि पुस्तकांशेजारी बंदूक मांडून तिला झेंडूचे फूल वाहिले, मात्र नळीत सुरक्षेची लाल दोरी आहे ना, हे दोनदा पाहून. घरात १० मीटर जागा कुठली? भिंतीपासून ३ मीटरवर उभे राहिले तर तो काळा गोल ९ मिलिमीटरचा व्हायला हवा. आईच्या पाकिटात तेवढी काळी टिकली सापडली. ती भिंतीवर चिकटवली आहे. रोज पहाटे, छर्रा न घालता, अर्धा तास ती तिच्यापुढे उभी असते. तुळशीपुढे आजी, टिकलीपुढे नात. नेम दोघींचाही.

पदक मिळेल का? कोण सांगणार! वडीलही आता तो प्रश्न विचारत नाहीत. रात्री ती परतली की पूर्वी ते म्हणत, "किती गुण झाले?" हल्ली म्हणतात, "आज पाय नीट लागले का?"