सुया की मृगाचा पाऊस?



अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचून झोप परतली, आता चाचणी कशाला, असे अकोल्याच्या पत्रलेखकांनी मागच्या अंकात विचारले आहे. उपचार मे महिन्यात सुरू झाले आणि जूनअखेर संपले, हेही त्यांनीच लिहिले आहे. पारा पंचेचाळिसावर असताना अकोला-अमरावतीत झोपतो कोण? मृग बरसला की कूलर बंद करूनही डोळा लागतो. यात सुयांचा वाटा किती नि पावसाचा किती?

अकोल्याच्याच कृषी विद्यापीठात नवे खत तपासताना शेजारी बिनखताचा वाफा ठेवतात. निद्रानाशातही तेच हवे: एकाच हंगामातले रुग्ण, चिठ्ठ्या टाकून पाडलेले दोन गट. सुई टोचली की नाही हे रुग्णाला कळते, ही खरी अडचण. त्यासाठी १९९८ मध्ये जर्मनीत बोथट सुई निघाली; त्वचेला टेकताच ती आपल्याच दांड्यात सरकते, टोचल्याचा भास तेवढा होतो. टोचणाऱ्याला मात्र सगळे ठाऊक असते, ती उणीव उरतेच.

निद्रानाशावरील अ‍ॅक्युपंक्चरच्या २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात ३३ चाचण्या आणि २,२९३ रुग्ण होते. पुरावा इतका कच्चा निघाला की बाजूनेही बोलता येईना नि विरोधातही. तेव्हा ‘थोतांड’ म्हणणाऱ्यांनीही तो आढावा नाचवू नये. अ‍ॅक्युपंक्चर चीनचे म्हणून पत्रलेखकांनी डॉ. कोटणीसांचे नाव मध्ये कशाला आणले? सोलापूरचा तो माणूस चीनमध्ये जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत होता.

दीर्घ निद्रानाशावर अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये वर्तनोपचार हा पहिला उपाय सुचवला. वऱ्हाडात कुणी चाचणी घेणारच असेल, तर सुयांची तुलना त्याच्याशीही करावी, आणि ती हिवाळ्यात घ्यावी.

— एक वाचक, अमरावती